काओरी इचो : चार सुवर्णपदकांच्या मधली कुस्ती

चंद्रभागा

काओरी इचोच्या कारकिर्दीविषयी मराठीत जे थोडेफार वाचायला मिळते, त्यात पदकांची यादी असते आणि तेवढ्यावर मजकूर संपतो. यादी अर्थातच थक्क करणारी आहे. २००४ अथेन्स, २००८ बीजिंग आणि २०१२ लंडन येथे ६३ किलो गटात सुवर्ण, २०१६ रिओ येथे ५८ किलो गटात सुवर्ण, आणि त्याखेरीज दहा जागतिक अजिंक्यपदे. कोणत्याही खेळात वैयक्तिक प्रकारात सलग चार ऑलिंपिक सुवर्णपदके मिळवणारी ती पहिली महिला आहे.

मला मात्र या यादीतल्या एका रिकाम्या जागेविषयी बोलायचे आहे. बीजिंगनंतर २००८ आणि २००९ च्या जागतिक स्पर्धांत इचो उतरली नाही. ती बहिणीबरोबर कॅनडात जाऊन राहिली, परत आली आणि ज्या आइची प्रांतातल्या विद्यापीठाच्या आखाड्यात ती घडली होती तिथे न थांबता तोक्योत पुरुष मल्लांबरोबर सराव करू लागली. त्या वेळी तिच्या नावावर दोन ऑलिंपिक सुवर्णपदके आणि पाच जागतिक अजिंक्यपदे होती. जी कुस्ती तिला सतत जिंकून देत होती ती मोडून नवी शिकण्याची तिला कोणतीही सक्ती नव्हती. माझे मत असे आहे की इचोची खरी कारकीर्द इथे सुरू होते आणि आधीची पदके ही तिची पूर्वतयारी होती. जाणकारांना हे पटते का? आणि असे असेल, तर तिच्या कारकिर्दीचे मोजमाप पदकांनी करावे की आणखी कशाने?

हलगी

पाच जागतिक अजिंक्यपदे ही पूर्वतयारी! आमच्या गावच्या जत्रेत पूर्वतयारी म्हणजे मैदानावर पाणी मारून माती उकरणे एवढेच असते. बाकी धागा उत्तम आहे, वाचतो आहे.

खडूस_आजोबा

विषय चांगला आहे, पण मूळ विधान मला मान्य नाही. जपानच्या महिला कुस्तीतले पहिले नाव साओरी योशिदाचे आहे. तेरा जागतिक अजिंक्यपदे, तीही २००२ ते २०१५ या काळात एकही स्पर्धा न सोडता, आणि अथेन्स, बीजिंग, लंडन अशी तीन ऑलिंपिक सुवर्णपदके. ही सलग सोळा विजेतेपदे होतात. रशियाच्या अलेक्सांद्र कारेलिनचा विक्रम तिने लंडननंतर मागे टाकला. इचोने मध्ये दोन वर्षे विश्रांती घेतली, योशिदाने घेतली नाही. ऑलिंपिकच्या दुसऱ्या दिवशी सगळेच दमलेले असतात, पण जो पुन्हा आखाड्यात उतरतो तो मोठा, असे माझे साधे गणित आहे.

तांबडी_माती

आजोबा, तुमच्या गणितात रिओ धरलेच नाही. १८ ऑगस्ट २०१६ रोजी ५३ किलोच्या अंतिम लढतीत अमेरिकेच्या हेलन मारूलिसने योशिदाला ४-१ ने हरवले. आदल्याच दिवशी इचो जिंकली होती. दोघी एकाच पिढीतल्या, एकाच विद्यापीठातल्या. त्यांच्या नोंदींत शेवटी जो फरक उरला तो त्या दोन दिवसांतला आहे.

मी सांगली भागात मुलींना कुस्ती शिकवतो, त्यामुळे या दोघींच्या लढती आम्ही वारंवार लावून पाहतो. योशिदाचा सगळा खेळ पटावर, म्हणजे पाय धरून पाडण्याच्या डावावर, उभा होता. ती दुहेरी पटात इतक्या वेगाने शिरत असे की समोरची पाय मागे घेईपर्यंत कमरेखाली तिचे हात पोहोचलेले असत. हा डाव मुलींना लगेच कळतो आणि आवडतोही. इचोचे तसे नाही. तिच्या लढतीत पहिला मिनिटभर काहीच घडत नाही असे नवशिक्याला वाटते. प्रत्यक्षात ती प्रतिस्पर्धीच्या मनगटाशी आणि कोपराशी सतत झटत असते, समोरचीचे वजन पुढच्या पायावर आणते, आणि तो पाय जड झाला की मगच पट काढते. त्यामुळे तिचा पट योशिदाइतका वेगवान दिसत नाही, पण तो सुटत नाही. चंद्रभागाताई म्हणतात तो बदल इथेच आहे. २००८ पूर्वीची इचो बचावावर जिंकत होती. समोरची चढाईला आली की तिला परतवून गुण घ्यायची. २०१० नंतरची इचो चढाई स्वतः तयार करते.

शुद्धमती

मला कुस्तीतले फारसे कळत नाही, म्हणून विचारते. पुरुषांबरोबर सराव केल्याने नेमके काय मिळते? ताकद वाढते एवढेच ना? मग ते तर कोणत्याही महिला मल्लाला करता येईल.

तांबडी_माती

शुद्धमतीताई, ताकद हा त्यातला लहान भाग आहे. तिच्या वजनाचा पुरुष मल्ल तिच्यापेक्षा बळकट असणारच, त्यामुळे बळाने काही साधत नाही हे पहिल्याच दिवशी कळते. मग कोन, वेळ आणि हाताची पकड यांवर काम करावे लागते. महिला कुस्ती त्या काळात तुलनेने नवी होती. जागतिक स्पर्धा १९८७ साली नॉर्वेत सुरू झाली आणि ऑलिंपिकमध्ये महिलांना प्रवेश २००४ मध्ये मिळाला. पुरुषांच्या फ्रीस्टाइलमध्ये त्याआधीच अनेक दशकांचे तंत्र साठलेले होते, आणि इचोने ते तिथे जाऊन घेतले. तिला शिकवणाऱ्यांत चिकारा तानाबे होते, ज्यांनी अथेन्समध्ये पुरुषांच्या ५५ किलो फ्रीस्टाइलमध्ये ब्राँझ मिळवले होते.

प्रत्येकीला हे करता येईल का, तर आमच्याकडे अजूनही येत नाही. मुलींना पुरुषांच्या तालमीत सरावाला पाठवायचे म्हटले की आईवडिलांच्या आधी वस्तादच नाही म्हणतात. आता मुलींची स्वतंत्र केंद्रे आहेत, २०२३ मध्ये सांगलीत प्रतीक्षा बागडीने पहिली महिला महाराष्ट्र केसरी होण्याचा मान मिळवला, त्यामुळे चित्र पालटते आहे. तरीही जोडीदारीण मिळत नाही म्हणून एकाच मुलीशी वर्षभर लढणाऱ्या मुली मी पाहतो.

अंजली_सु

एक शंका मनात आहे आणि ती थोडी कटू आहे. महिला कुस्ती नवी होती असे तुम्हीच म्हणता. मग इचो आणि योशिदा यांचे विक्रम हे स्पर्धा कमकुवत असल्यामुळे झाले, असे म्हणायला जागा राहते. २००४ ते २०१२ या काळात ऑलिंपिकमध्ये महिलांसाठी ४८, ५५, ६३ आणि ७२ असे चारच वजनगट होते. जपानने हा खेळ लवकर गांभीर्याने घेतला, इतर देश उशिरा आले, आणि त्या फटीत हे विक्रम उभे राहिले. इचोची १८९ लढतींची अपराजित मालिका ऐकायला भव्य वाटते, पण कोणत्याही परिपक्व खेळात ती शक्य आहे का?

रानजाई

अंजली, वजनगट चारच असणे हा तुमच्या विरोधातला मुद्दा आहे. गट कमी म्हणजे वरच्या आणि खालच्या वजनाच्या उत्तम मल्ल एकाच गटात येऊन कोंबल्या जातात. इचोच्या थोरल्या बहिणीचे, चिहारूचे, उदाहरण घ्या. ती तीन वेळा जगज्जेती झाली, पण ४८ किलोत अथेन्समध्ये युक्रेनच्या इरिनी मेर्लेनीकडून आणि बीजिंगमध्ये कॅनडाच्या कॅरोल ह्युइनकडून अंतिम फेरीत हरली. जपानी मल्ल असणे एवढेच सुवर्णाला पुरेसे असते, तर एकाच घरातल्या, एकाच आखाड्यातल्या बहिणीला दोन्हीदा रौप्य मिळाले नसते.

समोरच्या मल्लही लेच्यापेच्या नव्हत्या. अथेन्सच्या अंतिम लढतीत अमेरिकेची सारा मॅकमन होती आणि इचोने पिछाडीवरून ती लढत ३-२ अशी जिंकली. बीजिंगमध्ये रशियाची अल्योना कार्ताशोवा होती, लंडनमध्ये चीनची जिंग रुइश्वे. लंडनला तर सरावात घोट्याचा अस्थिबंध दुखावलेला असताना ती उतरली होती.

चंद्रभागा

रानजाईंनी बहिणीचा उल्लेख केला ते बरे झाले. दोघींनी एकाच ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घ्यायचे, ही इचो भगिनींची पहिल्यापासूनची इच्छा होती. बीजिंगमध्ये ती दुसऱ्यांदा अपुरी राहिली. त्यानंतरच्या दोन वर्षांना मी विश्रांती म्हणत नाही. ज्या कारणासाठी ती लढत होती ते कारणच संपले होते, आणि पुढे लढायचे तर स्वतःसाठी नवे कारण शोधणे भाग होते. परतल्यावरच्या तिच्या मुलाखतींत जिंकण्यापेक्षा कुस्ती कशी झाली यावरच भर दिसतो. अंतिम फेरी जिंकून बाहेर आलेली खेळाडू आपल्या खेळावर नाराज आहे, हे दृश्य जपानी पत्रकारांच्या अंगवळणी पडले होते.

पट_काढू

आमच्या घरी हे उलटे आहे. मी हरून येतो आणि समाधानी असतो.

नागोयाकर

मी बरीच वर्षे आइची प्रांतात राहतो, म्हणून इथली बाजू सांगतो. वर ज्या विद्यापीठाचा उल्लेख आला ते नागोयाच्या दक्षिणेला ओबू या गावात आहे. पूर्वी त्याचे नाव चूक्यो महिला विद्यापीठ होते, आता शिगाक्कान आहे. योशिदा, इचो भगिनी, एरी तोसाका, सारा दोशो, रिसाको कावाई अशी मोठी रांग तिथून बाहेर पडली. मुली एकत्र राहतात, एकत्र जेवतात, पहाटे धावतात, आणि प्रशिक्षकांचा शब्द हा अखेरचा असतो. तालमीत ज्याला आपण वस्तादाचा दरारा म्हणतो तोच प्रकार, फक्त वर विद्यापीठाचे छप्पर.

लोकप्रियतेविषयी सांगायचे तर आजोबांचे म्हणणे इथे शंभर टक्के लागू आहे. योशिदा दूरचित्रवाणीवर सतत दिसते, सुरक्षा कंपनीच्या जाहिरातींत दिसली, हसते, रडते, आणि तिच्या त्सू या गावात क्रीडासंकुलाला तिच्या नावावरून साओरीना असे नाव दिले आहे. पंतप्रधानांच्या हस्ते दिला जाणारा राष्ट्रीय सन्मान तिला २०१२ मध्ये, तेरावे सलग विजेतेपद झाल्यावर मिळाला. इचोला तो चौथ्या सुवर्णानंतर २०१६ मध्ये मिळाला. इचो मूळची उत्तरेकडच्या आओमोरी प्रांतातली, हाचिनोहे या बंदराच्या गावची. ती मोजके बोलते. दुकानदाराला विचारले तर दोघींची नावे तो सांगेल, पण योशिदाचे नाव हसून सांगेल.

खडूस_आजोबा

तेरा आणि सोळा, दोन्ही आकड्यांचा खुलासा करतो. लंडन ऑलिंपिक आणि त्यानंतरची २०१२ ची जागतिक स्पर्धा धरून योशिदाची ती तेरा विजेतेपदे झाली, हे बरोबर आहे. पण मी वर सोळा म्हटले ती २०१५ पर्यंतची. दोन्ही आकडे खरे आहेत, वाचणाऱ्यांचा घोळ होऊ नये म्हणून लिहिले. सेवानिवृत्त लेखापाल असल्याचा हा परिणाम.

शुद्धमती

नागोयाकर, तुम्ही प्रशिक्षकांच्या शब्दाविषयी लिहिले, त्यावरून आठवले. २०१८ मध्ये इचो आणि प्रशिक्षकांविषयी काही प्रकरण बातम्यांत होते ना?

नागोयाकर

होय, आणि ते चंद्रभागा यांच्या मूळ प्रश्नाशी जोडलेले आहे. शिगाक्कानचे प्रशिक्षक काझुहितो साकाए हे जपानी कुस्ती संघटनेत खेळाडू घडवण्याच्या विभागाचे प्रमुखही होते. योशिदा आणि इचो या दोघींच्या जडणघडणीत त्यांचा वाटा मोठा आहे, हे कोणीही नाकारत नाही. परंतु इचो त्यांचा आखाडा सोडून तोक्योला गेली आणि संबंध बिघडले. २०१८ च्या आरंभी सरकारी कार्यालयाकडे तक्रार गेली. संघटनेने आधी आरोप फेटाळले, मग बाहेरच्या वकिलांकडून चौकशी करवली. एप्रिल २०१८ मध्ये त्या चौकशीत अधिकाराचा गैरवापर करून छळ झाल्याचे काही प्रसंगांत मान्य करण्यात आले. इचोला उद्देशून केलेली टोचणारी वक्तव्ये आणि तानाबे यांनी तिला शिकवू नये म्हणून आणलेला दबाव हे त्यांत होते. साकाए यांनी पदाचा राजीनामा दिला आणि पुढे विद्यापीठानेही त्यांना प्रशिक्षकपदावरून दूर केले.

जपानमध्ये गुरूविरुद्ध बोलणे किती अवघड असते हे इथे राहिल्याशिवाय कळत नाही, असे मी म्हणणार होतो, पण मराठी वाचकांना ते वेगळे समजावून सांगण्याची गरज नसावी.

रानजाई

नसावीच. २०२३ मध्ये विनेश फोगाट, साक्षी मलिक आणि बजरंग पुनिया जंतरमंतरवर बसले होते ते आपण सर्वांनी पाहिले आहे. प्रकरणांचे स्वरूप वेगळे आहे आणि दोन्हींना एका मापाने मोजणे चूक ठरेल. भारतात आरोप लैंगिक छळाचे होते. पण एक गोष्ट दोन्हीकडे दिसते. पदक मिळवून देणारी व्यवस्था आणि पदक मिळवणारी बाई यांच्यात मतभेद झाला की श्रेय कोणाचे, हा प्रश्न पहिल्यांदा व्यवस्थाच विचारते.

अंजली_सु

मी माझी कमकुवत स्पर्धेची शंका अर्धी मागे घेते, पूर्ण नाही. २०१६ च्या जानेवारीत रशियात क्रास्नोयार्स्क येथील यारिगिन स्पर्धेत मंगोलियाच्या ओर्खोन पुरेवदोर्जने इचोला १०-० ने, म्हणजे दहा गुणांची आघाडी होताच लढत थांबवली जाते त्या तांत्रिक श्रेष्ठत्वावर, हरवले होते. तेरा वर्षांतला तो पहिला पराभव आणि तोही एकतर्फी. सुधारलेली, पुरुषांकडून शिकलेली इचो अशी कशी हरली? स्पर्धा वाढली तशी ती उघडी पडली, असे का म्हणू नये?

तांबडी_माती

म्हणता आले असते, जर त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ती ऑलिंपिक जिंकली नसती तर. अंजलीताई, तुम्ही पुरेवदोर्जचे नाव काढले, तर त्या गटाची गोष्ट पूर्णच सांगतो, कारण त्यात आपलेही नाणे आहे.

रिओत १७ ऑगस्टला ५८ किलोचा संपूर्ण गट एकाच दिवसात खेळला गेला. आपली साक्षी मलिक उपांत्यपूर्व फेरीत रशियाच्या वालेरिया कोब्लोवाकडून हरली. कोब्लोवा अंतिम फेरीत गेली म्हणून साक्षीला रिपेचाजची, म्हणजे अंतिम फेरी गाठणारीकडून हरलेल्यांना ब्राँझसाठी मिळणारी, दुसरी संधी मिळाली. रिपेचाजमध्ये तिच्यासमोर कोण आली, तर हीच पुरेवदोर्ज, इचोला हरवणारी. साक्षीने तिला १२-३ ने हरवले. मग ब्राँझपदकाच्या लढतीत किर्गिझस्तानच्या ऐसुलू तिनिबेकोवाविरुद्ध ०-५ असे मागे पडून ८-५ ने कुस्ती काढली. ही तिनिबेकोवा पुढे जगज्जेती झाली आणि तोक्यो ऑलिंपिकमध्ये तिने रौप्य मिळवले. त्याच गटात दुसरे ब्राँझ ट्युनिशियाच्या मारवा अमरीचे. आफ्रिकेच्या महिला कुस्तीतले ते पहिले ऑलिंपिक पदक. अशा गटात बत्तीस वर्षांची इचो पहिली आली. हा गट कमकुवत होता असे म्हणायचे असेल तर आधी साक्षीला विचारावे लागेल.

हलगी

साक्षीला विचारायला तुम्ही जा, आम्ही बाहेर थांबतो.

शुद्धमती

मी आत्ताच रिओची अंतिम लढत शोधून पाहिली. शेवटी नेमके काय झाले हे दोनदा पाहूनही समजले नाही. कोब्लोवाने पाय पकडला होता, मग गुण इचोला कसे?

तांबडी_माती

हाच प्रसंग मी मुलींना सर्वाधिक वेळा दाखवतो. काही सेकंद उरले आहेत, इचो १-२ ने मागे आहे. कोब्लोवाने फक्त वेळ काढला असता तरी सुवर्ण तिचे होते, पण ती पायावर गेली. तिथे साधारण मल्ल पाय सोडवून घेण्याची घाई करते. इचोने घाई केली नाही. तिने कमरेचा भार कोब्लोवावर टाकला, पाय हळूहळू मोकळा करत बाजूने सरकली आणि मागे जाऊन ताबा घेतला. मागे जाऊन ताबा मिळवला की दोन गुण, निकाल ३-२.

म्हणजे पाहा, जी बचावातून गुण काढण्याची कला तिची पहिली, २००८ पूर्वीची, ती तिने टाकून दिलेली नव्हती. त्यामुळे चंद्रभागाताईंच्या विधानात मी थोडी दुरुस्ती सुचवतो. तिने जुनी कुस्ती मोडली नाही, तिच्यावर नवी चढवली. अखेरच्या क्षणी उपयोगी पडली ती जुनी.

चंद्रभागा

ही दुरुस्ती मान्य आहे. त्या विजयानंतर तिने श्रेय आईला दिले होते. आई २०१४ मध्ये वारली होती, आणि रिओ हे आईच्या पश्चात झालेले तिचे पहिले ऑलिंपिक होते.

खडूस_आजोबा

एक मुद्दा कोणी काढलेला नाही, तो नियमांचा. अथेन्समध्ये तीन-तीन मिनिटांचे दोन भाग आणि एकूण गुणांवर निकाल होता. त्यानंतर दोन-दोन मिनिटांच्या तीन फेऱ्या आल्या, ज्यात दोन फेऱ्या जिंकल्या की कुस्ती जिंकली. आणि फेरी गुणांविना बरोबरीत राहिली तर चिठ्ठीसारखा चेंडू काढून एकाला दुसऱ्याचा पाय धरायला देत. तो कुस्तीचा सर्वांत वाईट काळ होता, असे माझे स्पष्ट मत आहे. फेब्रुवारी २०१३ मध्ये ऑलिंपिक समितीच्या कार्यकारी मंडळाने कुस्ती वगळण्याची शिफारस केली तेव्हा सगळे जागे झाले, नियम पुन्हा एकूण गुणांवर आले, पटाला एकाऐवजी दोन गुण मिळू लागले आणि महिलांचे वजनगट चारावरून सहा झाले. सप्टेंबरमध्ये कुस्ती वाचली. इचोने अथेन्स एका नियमावर, बीजिंग आणि लंडन दुसऱ्यावर आणि रिओ तिसऱ्यावर जिंकले, तेही शेवटचे वजनगट बदलून. एवढे मात्र मी तिच्या बाजूने लिहून देतो.

आणि जपान-भारत संबंधांची चर्चा चाललीच आहे तर तरुणांना सांगतो, की १९५२ मध्ये हेलसिंकीत आपल्या खाशाबा जाधवांनी ब्राँझ मिळवले त्या गटाचे सुवर्ण जपानच्या शोहाची इशीईंना मिळाले होते, आणि त्या ऑलिंपिकमधले जपानचे ते एकमेव सुवर्ण होते.

पट_काढू

आजोबा इचोच्या बाजूने काही लिहून देत आहेत. प्रशासकांनी हा प्रतिसाद कृपया जतन करावा.

अंजली_सु

नियमांचा मुद्दा मला आतापर्यंतचा सर्वांत सबळ वाटला. नियम बदलले की विजेते बदलतात, हे कोणत्याही खेळात दिसते. ज्यांचे यश एका विशिष्ट नियमावर बेतलेले असते ते दुसऱ्या नियमात टिकत नाहीत. आता माझी उरलेली अर्धी शंकाही मागे घेते, पण एक नवा प्रश्न विचारते. २०१९ चे काय? तिने पाचव्या ऑलिंपिकसाठी परत येणे योग्य होते का? चार सुवर्णांवर थांबली असती तर कारकिर्दीचा शेवट पराभवाने झाला नसता.

नागोयाकर

त्या वर्षी इथे दुसरा विषय नव्हता. रिओनंतर इचो दोन वर्षे स्पर्धेत उतरली नाही. २०१८ च्या अखेरीस परतली आणि डिसेंबरमधल्या अखिल जपान स्पर्धेत तिने ५७ किलोच्या अंतिम फेरीत रिसाको कावाईला हरवले. कावाई म्हणजे रिओची ६३ किलोची सुवर्णविजेती, इचोपेक्षा दहा वर्षांनी लहान. धाकटी बहीण युकाको ६२ किलोत असल्यामुळे रिसाको खालच्या गटात आली होती. दोघी बहिणींनी एकाच ऑलिंपिकमध्ये सुवर्ण घ्यायचे, हे त्यांचेही ठरलेले होते. जून २०१९ मध्ये कावाई जिंकली, त्यामुळे निवडीसाठी जुलैमध्ये आणखी एक लढत झाली आणि तीही कावाईने अगदी निसटत्या फरकाने जिंकली. इचोचा तोक्योचा मार्ग तिथे बंद झाला. २०२१ मध्ये कावाई भगिनींनी ५७ आणि ६२ किलोत दोन्ही सुवर्णे घेतली. युकाकोने अंतिम फेरीत हरवले ती तिनिबेकोवा, साक्षीने हरवलेली.

रानजाई

म्हणजे इचो भगिनींचे अथेन्स आणि बीजिंगमध्ये जे राहिले, ते कावाई भगिनींनी इचोला हरवून पूर्ण केले. कोणी गोष्ट म्हणून लिहिले असते तर संपादकाने अतिशयोक्ती म्हणून परत पाठवले असते.

चंद्रभागा

अंजली, तुमच्या प्रश्नाला माझे उत्तर असे आहे की ती परत आली हे अत्यंत योग्य होते, आणि मूळ प्रश्नाचे उत्तरही मला इथेच दिसते. पदकांनी मोजायचे तर २०१९ ही तिच्या नोंदीतली वजाबाकी आहे. पण ज्या मल्लाला लढत जिंकूनही आपली कुस्ती अपुरी वाटत होती, तिने वयाच्या पस्तिसाव्या वर्षी, संघटनेशी झालेल्या वादानंतर, चालू ऑलिंपिक विजेतीशी पुन्हा पुन्हा बरोबरीची कुस्ती खेळावी, हे तिच्या स्वभावाला धरूनच होते. पराभव नको म्हणून घरी बसणे हे योशिदाच्याही स्वभावात नव्हते. म्हणून आजोबांचा आणि माझा वाद मला आता पूर्वीइतका मोठा वाटत नाही.

खडूस_आजोबा

वाद जेवढा होता तेवढाच आहे. क्यूबाच्या मिहाईन लोपेसने पॅरिसमध्ये सलग पाचवे सुवर्ण मिळवून पुरुष-महिला असा भेद न ठेवता सर्वांनाच मागे टाकले आहे, त्यामुळे तुम्ही दोघी-तिघी आता त्याच्याविषयी काय म्हणता ते ऐकायला मी उत्सुक आहे. तोपर्यंत माझ्या यादीत योशिदा पहिली.

तांबडी_माती

लोपेस ग्रीको-रोमनचा, त्यात कमरेखाली हात लावायचा नसतो. पट नसलेल्या कुस्तीची तुलना या धाग्यात आणाल तर पट_काढू यांचे नावच बाद करावे लागेल. त्याच्यासाठी वेगळा धागा काढा, मी नक्की येईन.

शुद्धमतीताई, तुम्हाला आणखी लढती पाहायच्या असतील तर आधी अथेन्सची मॅकमनविरुद्धची आणि मग लंडनची जिंगविरुद्धची पाहा, लागोपाठ. दोन्हींत इचोच्या पुढच्या हाताकडे लक्ष ठेवा, पायांकडे नको. काय दिसले ते इथे लिहा.